कुंडीतील टोमॅटो : माती व अन्नद्रव्यांचे प्रश्न

शालेय पोषण परसबागांसंबंधी केंद्र शासनाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. मोकळी जागा नसल्यास कुंड्या, डबे व पिशव्या यांतही भाजीपाला घेता येतो, असे त्यांत सुचविले आहे. अशा लागवडीत टोमॅटोला साहजिकच पसंती मिळते. परंतु झाड जोमाने वाढूनही फळे हाती लागत नाहीत, असा अनुभव पुष्कळदा येतो. त्याचे मूळ बहुधा डब्यातील मातीत आणि पाणी देण्याच्या रीतीत असते.

शेतातील काळी माती जशीच्या तशी डब्यात भरणे ही पहिली चूक होय. ही माती ओली झाली की फुगते व वाळली की आकसून डब्याच्या कडेपासून सुटते. मग दिलेले पाणी मुळांना न भिजवता कडेने निघून जाते. त्याकरिता काळी माती, चांगले कुजलेले शेणखत आणि वाळू अथवा नारळाचा भुसा सारख्या प्रमाणात मिसळावा. पंधरा लिटरच्या तेलाच्या डब्यात एकच रोप लावावे. तळाशी भोके हवीतच.

सर्वाधिक निराशा करणारी विकृती म्हणजे फळाचे बूड काळे पडून खोलगट होणे. हा रोग समजून औषधे फवारली जातात, ती व्यर्थ होत. फळाला कॅल्शियम अपुरे मिळाल्याचे ते लक्षण आहे. महाराष्ट्रातील काळ्या मातीत कॅल्शियमची सहसा वाण नसते. ते पाण्याबरोबरच मुळांतून वर चढते आणि त्याचा मोठा वाटा पानांकडे जातो. माती मध्येच कोरडी पडली की फळाचा वाटा तुटतो. शनिवारी दुपारी शाळा सुटते आणि सोमवारी सकाळी डबे तुडुंब भरले जातात. दोष नेमका येथे असतो. अंड्यांची टरफले पुरण्याचा उपायही लोकप्रिय आहे, पण ती विरघळण्यास इतका काळ लागतो की त्या हंगामातील फळांना त्यांचा लाभ क्वचितच होतो. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या मातीची गोष्ट वेगळी. तेथे माती तपासून लागवडीपूर्वी चुना मिसळणे हितावह ठरते.

युरियाचा सढळ वापर हे दुसरे कारण. त्याने पाला माजतो, फुले कमी लागतात आणि कॅल्शियमचे शोषणही मंदावते. खालची पाने एकसारखी पिवळी पडली तर नत्र कमी आहे असे समजावे. कोवळी पाने पिवळी व शिरा मात्र हिरव्या असतील, तर लोह कमी पडते आहे. चुनखडीयुक्त मातीत हे विशेष आढळते. मातीवर पांढरा थर दिसू लागल्यास खत थांबवून, तळातून पाणी वाहून जाईपर्यंत गोडे पाणी द्यावे.

त्याच मातीत पुन्हा टोमॅटो, वांगी वा मिरची लावू नये. मेथी किंवा पालक घ्यावा.

जुलै-ऑगस्टमध्ये लावलेली रोपे फळावर येतात, तेव्हाच दिवाळीची सुटी लागते. त्या दिवसांत रोज सकाळी पाणी कोणी घालावयाचे, हे शाळा व्यवस्थापन समितीने व ग्रामपंचायत सदस्यांनी लागवडीच्या वेळीच ठरवावे आणि सुटीपूर्वी प्रत्येक डब्यात पाचटाचे आच्छादन घालून घ्यावे.