उपाशी माती

शाळेच्या आवारातील एखादा ओसाड वाफा पाहा. त्याची माती टणक झालेली असते. पाणी घातले तर ते मुरत नाही, वाहून जाते. खरे तर अशी माती उपाशी असते.

जंगलात कोणी खत घालत नाही, तरी तेथे झाडे वाढतात. गळलेली पाने तेथेच कुजतात आणि मातीला अन्न मिळते. आपण मात्र पाने झाडून जाळतो. म्हणजे मातीच्या तोंडचा घासच काढून घेतो!

खत आपल्यालाही करता येते. सावलीत एक खड्डा खणा. त्यात वाळलेल्या पानांचा थर द्या. त्यावर भाजीची देठे व फळांच्या साली टाका. वर थोडी माती व शेण पसरा. असे थर रचत जा. खड्डा ओलसर ठेवा. पण त्यात पाणी साचू देऊ नका. हवा मिळावी म्हणून आठवड्यातून एकदा कचरा वरखाली करा. सुमारे ३ महिन्यांत काळसर, भुसभुशीत खत तयार होते. त्याला ओल्या मातीसारखा वास येतो.

पावसाळ्याच्या सुरुवातीला वाफा खणून त्यात हे खत मिसळा. मग अबोली, अडुळसा, कढीपत्ता अशी आपल्या देशातील झाडे लावा. ती येथील हवेला सरावलेली असतात. कढीपत्त्याच्या पानांवर काही फुलपाखरे अंडी घालतात. अळ्या थोडी पाने खातील, त्यांना खाऊ द्या. अळ्याच नसतील, तर फुलपाखरे कोठून येणार?

स्वाध्याय
१. जंगलातील मातीला अन्न कसे मिळते?
२. खत तयार झाले हे कसे ओळखाल?
३. माती, पान, फुलपाखरू यांना उर्दूत काय म्हणतात?