फिफ्टीन की फिफ्टी?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात डिस्पॅच विभागात मी नोकरी करते. आमच्याकडे ऑर्डर, गाडीचा नंबर, बिलाची रक्कम असं सगळं आधी फोनवरच ठरतं. एकदा एका ग्राहकाने घाईघाईत 'फिफ्टीन बॉक्सेस' सांगितलं आणि कल्याणहून येणाऱ्या नव्या मुलीने ५० टिपून घेतलं. टेम्पो भरून भिवंडीच्या गोदामावर गेला, ३५ खोकी परत आली आणि दोन्ही वेळचं भाडं कंपनीच्या अंगावर पडलं. भाड्याचं काय, ते भरून निघालं. पण दहावीला गणितात उत्तम गुण मिळवलेली ती मुलगी पुढे कितीतरी दिवस फोन वाजला की पाण्याची बाटली घेऊन उठायची.

मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलं इथेच का अडतात, हे मी जवळून पाहिलं आहे. शाळेत वन ते हंड्रेड ओळीने पाठ होतं. फोनवर मात्र कुणी ओळीने बोलत नाही. 'सिक्स्टी सेव्हन' कानावर आलं की मनात आधी सदुसष्ट उमटतं, मग हात ६७ लिहितो. तेवढ्यात समोरचा पुढचे दोन आकडे सांगून मोकळा झालेला असतो. म्हणून कानावर पडलेला आकडा थेट हातात उतरला पाहिजे, आणि ते निव्वळ सरावाने जमतं.

सरावासाठी क्लासची फी भरू नका. डोंबिवली स्टेशनवर घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत होते. इंडिकेटरकडे पाठ करून उभे राहा. इंग्रजीतली वेळ आणि प्लॅटफॉर्म ऐका, ऐकता ऐकता मोबाइलवर टिपा. मराठीतलं 'आठ वाजून बेचाळीस मिनिटे' नुकतंच ऐकलेलं असतं, त्यामुळे चूक जागच्या जागी कळते. घरी कुणाला तरी महावितरणच्या बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक इंग्रजीत वाचायला सांगा. एकदा सावकाश, एकदा भरभर, आणि एकदा 'डबल', 'ट्रिपल' घालून. 'ट्रिपल एट' म्हणजे ८८८. शून्याला पुष्कळजण नुसतं 'ओ' म्हणतात, तेही कानावरून जाऊ द्या.

थर्टीन-थर्टी, फिफ्टीन-फिफ्टी या जोड्या सगळ्यात घातक. 'टीन'मध्ये शेवट लांबतो, 'टी'मध्ये सुरुवातीवर जोर येतो. पण लोकलच्या खडखडाटात हा फरक कानाला लागेलच असं नाही. तिथे सरळ विचारा, 'वन फाइव्ह की फाइव्ह झीरो?' विचारण्यात कसलाही कमीपणा नाही. ऐकलेला आकडा एकेक करून परत म्हणून दाखवा आणि समोरच्याने 'येस' म्हटल्याशिवाय फोन ठेवू नका. आमच्या विभागात हा आता नियमच आहे.

परदेशी ग्राहक असेल तर आणखी एक खाचखळगा. ते लाख-कोटीत बोलत नाहीत. दहा लाखांचा एक मिलियन, शंभर कोटींचा एक बिलियन. 'वन पॉइंट टू फाइव्ह मिलियन' म्हणजे साडेबारा लाख. आपण १२,५०,००० लिहितो, ते १,२५०,००० लिहितात. स्वल्पविराम बघून रक्कम वाचायची सवय असेल तर इथे घात होतो. शून्यं मोजा.

आकडे कसे म्हणायचे यावरून आपण भांडलोही आहोत. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'सत्तर सहा' असं संख्यावाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर वादळ उठलं. जोडाक्षरं मुलांना जड जातात, असं गणितज्ञ मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं. मला एकवीस आणि शहात्तरही हवेत, मुलांच्या तोंडून ते जाऊ नयेत असं मनापासून वाटतं. पण त्या वादात घराघरांतून जेवढा आवाज निघाला, त्याच्या निम्म्याने जरी आईबाबांनी मुलांना आकडे उलटसुलट विचारले, मराठीत एकदा आणि इंग्रजीत एकदा, तर पहिल्या नोकरीत फोन उचलताना त्यांचा हात थरथरणार नाही. भाजीच्या हिशोबापासून सुरुवात करा, आणि चुकलं तर हसू नका.