तुटीच्या रकान्यापलीकडे



मागच्या वर्षी शाळेच्या क्रीडा समितीपुढे मी एक टिपण ठेवले होते : हॉकी संघ बंद करावा. खर्च वाढतो आहे आणि संघ हरतो आहे, एवढीच कारणे मी दिली होती. प्राचार्य सरांनी समासात लिहिले, "संघ हरतो म्हणून पैसे देत नाही, की पैसे देत नाही म्हणून हरतो?" मला उत्तर देता आले नाही. ते शोधताना अमेरिकेतील एका विद्यापीठाचे प्रकरण वाचनात आले. आजचा पाठ त्यावरच आहे.

प्रकरण

बर्मिंगहॅम येथील अलाबामा विद्यापीठाचा, म्हणजे 'यूएबी'चा, अमेरिकन फुटबॉल संघ १९९१ मध्ये उभा राहिला. या खेळात चेंडू लांबट असतो आणि तो हातात घेऊन पळतात. हेल्मेट, खांद्यांची चिलखते आणि त्या काळी ८५ खेळाडूंपर्यंत शिष्यवृत्त्या, त्यामुळे खर्च मोठा. संघाला स्वतःचे मैदान नव्हते. सामने शहरातल्या १९२७ सालच्या लीजन फील्डवर होत. विद्यापीठाच्या आवारात मैदान बांधण्याची योजना २०११ मध्ये विश्वस्त मंडळाने रोखली. हेच मंडळ टस्कलूसा येथील नामांकित संघाच्या विद्यापीठाचाही कारभार पाहते.

२०१४ मध्ये बिल क्लार्क हे नवे प्रशिक्षक आले. त्या हंगामात संघाने सहा सामने जिंकले, सहा हरले. अनेक वर्षांत एवढे यश मिळाले नव्हते. तरीही २ डिसेंबर २०१४ रोजी अध्यक्ष रे वॉट्स यांनी संघ बंद केल्याचे जाहीर केले. संघ स्पर्धेत टिकवायचा तर पाच वर्षांत आणखी ४.९ कोटी डॉलर लागतील, असा हिशेब त्यांनी मांडला. खेळांच्या सुमारे ३ कोटींच्या वार्षिक अंदाजपत्रकातले २ कोटी आधीच विद्यापीठ आणि विद्यार्थी भरत होते.

हिशेब कसा वाचावा?

पहिली गोष्ट : शिष्यवृत्ती खेळाच्या खात्यात खर्च म्हणून पडते, पण ती रक्कम विद्यापीठाच्याच फीच्या खात्यात जमा होते. एकाच घरातल्या दोन खिशांचा हा व्यवहार आहे.

दुसरी : फुटबॉल बंद झाला तर नियमाप्रमाणे विद्यापीठाला आपल्या लीगमधून बाहेर पडावे लागणार होते. म्हणजे इतर खेळांनाही फटका. एक ओळ खोडली की खालच्या ओळीही हलतात.

तिसरी : नुसता जिव्हाळा पुरत नाही. शहरातले उद्योजक, माजी विद्यार्थी आणि नागरिक यांनी १.७२ कोटी डॉलर देण्याची हमी दिली. विद्यापीठाने आपला वाटा वर्षाला २ कोटींवरच ठेवला. वरची तूट बाहेरून भरायची, असे ठरले. १ जून २०१५ रोजी संघ पुन्हा सुरू करण्याचा निर्णय झाला.

मधल्या काळात बरेच खेळाडू दुसरीकडे गेले होते. २०१५ आणि २०१६ मध्ये एकही सामना झाला नाही. क्लार्क मात्र थांबले. २ सप्टेंबर २०१७ रोजी संघ मैदानात उतरला तेव्हा ४५,२१२ प्रेक्षक आले आणि संघ ३८-७ असा जिंकला. पुढच्या वर्षी त्याने लीगचे विजेतेपद मिळवले. २०२१ मध्ये शहरात नवे स्टेडियमही उघडले.

आपल्यासाठी

प्रत्येक संघ असा वाचतोच असे नाही, आणि प्रत्येक संघ वाचवावाच असेही नाही. पण निर्णयाआधी हिशेब पुरा हवा. माझ्या टिपणात तो नव्हता. गोलरक्षकाचे पॅड फाटलेले होते आणि वर्षभरात प्रशिक्षक दोनदा बदलले होते, याचा त्यात उल्लेखच नव्हता. मी ते मागे घेतले आणि नव्याने लिहिले. संघाला दोन वर्षांची मुदत मिळाली आहे. यंदाही आपण अधिक सामने हरलो, पण सरावाला येणारी मुले गळाली नाहीत.

विचार करा

१. तुमच्या आवडत्या संघाचा वर्षाचा खर्च ओळीने लिहा. त्यातला कोणता खर्च संघ नसतानाही राहील?
२. संघ बंद झाला तर आणखी कोणाचे नुकसान होईल?
३. पालकांनो, मदत करायची झाली तर ती एका वर्षापुरती द्याल की पाच वर्षांची हमी द्याल? का?