कलाशाखेतून संगणकशास्त्राकडे : पूर्वतयारीचा एक पाठ

बी.ए. किंवा बी.कॉम. झालेले आपले माजी विद्यार्थी एमसीएची चौकशी करू लागले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : सी शिकू की पायथन? आमच्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. २०२०-२१ पासून एमसीए तीनऐवजी दोन वर्षांचे झाले. अडखळत सावरण्यासाठी पूर्वी मिळणारे वर्ष आता उरलेले नाही. म्हणून ते प्रवेशापूर्वीच काढावे लागते.

पहिला क्रमांक गणिताचा, परंतु ज्याच्या धास्तीने मुले कलाशाखेत येतात त्या गणिताचा नव्हे. येथे हवे ते विविक्त गणित : तर्क, संच, मोजणीची तत्त्वे, विगमन, आलेख. त्याची चव एका उदाहरणाने घेऊ.

शाळेच्या नोंदवहीत हजार नावे अकारविल्हे लिहिली आहेत. एक नाव शोधायचे आहे. पहिल्या पानापासून वाचत गेलो, तर कदाचित हजारही नावे पाहावी लागतील. त्याऐवजी मधले नाव पाहावे. हवे असलेले नाव त्याच्या आधी येते की नंतर, हे ठरवून उरलेली अर्धी नावे बाजूला टाकावीत. हजाराचे पाचशे, पाचशेचे अडीचशे. फार तर दहा वेळा पाहिले की निकाल लागतो. लाख नावांनाही सतरा खेपा पुरतात, कारण दोनचा सतरावा घात लाखाहून मोठा आहे. आता खरा अभ्यास सुरू होतो. नावे क्रमाने नसती तर? अर्धी नावे टाकून देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? इतिहासाचा विद्यार्थी साधनाला विचारतो तोच हा प्रश्न : हे कशाच्या आधारे? ही सवय असलेली मुले सिद्धता लवकर आत्मसात करतात, असा आमचा अनुभव आहे.

यानंतर भाषा, आणि ती एकच. प्रोग्राम चालवण्यापूर्वी कागदावर ओळीगणिक प्रत्येक चलाची किंमत मांडावी. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण शुल्क भरून केलेल्या तीन महिन्यांच्या वर्गांत नेमके हेच गाळले जाते आणि पुढे डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरात मुले अडतात. एनपीटीईएलची व्याख्याने विनामूल्य पाहता येतात. परीक्षेचे शुल्क तेवढे वेगळे.

डॉनल्ड नुथ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकायला गेले होते. पुढे १९७४ चा ट्यूरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. अशी नावे उमेद वाढवण्यासाठी सांगितली जातात. मधल्या काळात ते गणिताकडे वळले होते, हे मात्र सांगायचे राहून जाते.

पालकांसाठी एक गोष्ट. अकरावी-बारावीला कलाशाखेतही गणित हा विषय घेता येतो. एमसीएच्या प्रवेशात बारावीच्या किंवा पदवीच्या गणिताला वजन आहे; ते नसलेल्यांना पूरक अभ्यासक्रम करावा लागतो, आणि तोही त्याच दोन वर्षांच्या धावपळीत. अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वी त्या कनिष्ठ महाविद्यालयात कलाशाखेला गणित शिकवतात का, एवढे विचारून यावे.