परदेशगमन आणि सामाजिक सुरक्षा

रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांचा चरितार्थ आखाती देशांतील कमाईवर चालतो. पुण्या-मुंबईचे अभियंते जपान, जर्मनी येथे कामास जातात. मुलांकडे जाणाऱ्या वृद्ध आईवडिलांची संख्याही थोडी नाही. परमुलखात आजार वा अपघात ओढवल्यास खर्च कोण सोसणार, हा या सर्वांपुढील समान प्रश्न होय. स्वदेशातील सुरक्षा सीमेपलीकडे आपोआप जात नाही. ती कायदा, विमा अथवा करार यांच्या आधारेच लाभते आणि तिची तजवीज निघण्यापूर्वीच करावी लागते.

कामगारांसाठी विमा

१९८३ च्या उत्प्रवास अधिनियमानुसार दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगारास सौदी अरेबिया, कुवेत, ओमान आदी ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना सामान्यतः उत्प्रवास संरक्षकाची अनुमती घ्यावी लागते. अशा कामगारांना २००३ साली सुरू झालेली प्रवासी भारतीय विमा योजना बंधनकारक आहे. २०१७ च्या सुधारणेनुसार दोन वर्षांसाठी २७५ रुपये किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपये व त्यांवरील कर इतक्या अल्प हप्त्यात अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व यांसाठी १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. रुग्णालयीन खर्चाचीही मर्यादित तरतूद आहे. मात्र दलालाच्या सांगण्यावरून भेटीच्या व्हिसावर कामास गेलेला मनुष्य अनुमतीसह या संरक्षणासही मुकतो.

दोन देशांतील करार

बेल्जियमबरोबरचा सामाजिक सुरक्षा करार २००९ मध्ये अमलात आला. पुढे फ्रान्स, जर्मनी, जपान आदी देशांशीही असे करार झाले. भारतीय कंपनीने तेथे पाठविलेल्या कर्मचाऱ्याने भविष्य निर्वाह निधी संघटनेचे प्रमाणपत्र नेल्यास एकाच काळासाठी दोन्हीकडे वर्गणी भरण्याची पाळी येत नाही. जपानशी २०१६ पासून लागू असलेला करार निवृत्तिवेतनापुरता आहे. तेथील आरोग्य विम्याची वर्गणी वेगळी भरावीच लागते. अमेरिकेशी असा करार नाही. तेथील निवृत्तिवेतनास सामान्यतः दहा वर्षांची वर्गणी लागते. त्यापूर्वी परतणाऱ्याच्या पदरी बहुधा काही पडत नाही.

पाहुण्यांनी घ्यावयाची दक्षता

मुलगा अमेरिकेत नोकरीस असला, तरी भेटीस गेलेल्या आईवडिलांना तेथील वृद्धांसाठीची सरकारी आरोग्य योजना लागू होत नाही. युरोपातील शेंगेन देशांच्या अल्प मुदतीच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. प्रवास विमा घेताना मधुमेह, हृदयविकार यांसारखे पूर्वीचे आजार लपवू नयेत. अनेक विमापत्रांत अशा आजारांचा खर्च वगळलेला अथवा मर्यादित असतो. म्हणून अटी वाचूनच हप्ता भरावा.

गावातून परदेशी निघालेला माणूस सल्ल्यासाठी बहुधा प्रथम शिक्षक वा पंचायत सदस्य यांच्याकडे येतो. व्हिसा कोणत्या कामाचा, अनुमती आहे काय, विमा किती मुदतीचा, वारस म्हणून कोणाचे नाव नोंदले, हे चार प्रश्न त्यांनी अवश्य विचारावेत. विमापत्राची व नोकरीच्या करारनाम्याची एकेक प्रत घरी ठेवण्यासही सांगावे. आपत्तीच्या वेळी घरच्यांना तिचाच आधार होतो.