एका शेतात अनेक जमिनी

मुलांनो, ज्वारीचे उभे पीक तुम्ही पाहिले असेल. पुढच्या वेळी बांधावर थांबून नीट पाहा. एकाच शेतात काही ठिकाणी ताटे उंच असतात, तर काही ठिकाणी खुरटी. बियाणे एक, खत एक, पाऊसही एकच. मग हा फरक का?

याचे उत्तर मातीत आहे. आपल्याकडे पुष्कळ शेते उतारावर असतात. पावसाचे पाणी वरच्या बाजूची बारीक माती खाली वाहून नेते. त्यामुळे वर उथळ, मुरमाड जमीन उरते आणि खाली खोल, काळी माती साचते. काळी माती पाणी धरून ठेवते. मुरमाड जमिनीत ते टिकत नाही. तेथे जास्त खत टाकले, तर बरेचसे पाण्याबरोबर खाली झिरपते. शेतकऱ्याचा खर्च वाया जातो आणि विहिरीचे पाणीही बिघडते.

मग माती तपासावी कशी? २०१५ साली भारत सरकारने मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू केली. तिच्यात शेताच्या चार कोपऱ्यांतून आणि मध्यातून १५ ते २० सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती घेतात. ती एकत्र मिसळून १२ गोष्टी तपासतात. ही तपासणी फार उपयोगी आहे. पण माती मिसळल्यामुळे शेताची सरासरी कळते. कोणता कोपरा दुबळा आहे, हे कळत नाही.

येथे संवेदक, म्हणजे सेन्सर, मदतीला येतो. एका प्रकारच्या यंत्रात धातूच्या चकत्या असतात. ट्रॅक्टर यंत्र ओढतो, तेव्हा त्या जमिनीत थोड्या रुततात. काही चकत्या मातीत सौम्य वीज सोडतात आणि दुसऱ्या तिचे मोजमाप करतात. ओलसर चिकणमातीतून वीज सहज वाहते. कोरड्या, रेताड मातीतून कमी वाहते. प्रत्येक मोजमापाची जागा उपग्रहांच्या साहाय्याने समजते. मग संगणक शेताचा रंगीत नकाशा तयार करतो.

पण थांबा! मातीत क्षार जास्त असले, तरीही वीज सहज वाहते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. अशा भागात सुपीक काळी माती आणि खारवट माती नकाशावर एकाच रंगात दिसू शकतात. म्हणून प्रत्येक रंगाच्या भागातील माती वेगळी तपासावी लागते. शेताच्या मालकालाही विचारावे लागते. कोठे पाणी साचते, कोठे पीक आधी सुकते, हे त्याला वर्षानुवर्षांच्या अनुभवाने माहीत असते.

यंत्र फरक दाखवते. त्याचे कारण माणसानेच शोधायचे असते.

शब्दार्थ
खुरटी – नीट न वाढलेली
मुरमाड – बारीक खडे असलेली
खारवट – क्षार जास्त असलेली

स्वाध्याय
१. माती मिसळून तपासल्याने कोणती गोष्ट कळत नाही?
२. संवेदकाच्या नकाशानंतरही माती का तपासावी लागते?
३. ‘जमीन’, ‘नकाशा’, ‘रंग’ हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा.