विग घेताना आधी आतली टोपी पाहा

कर्करोगाचे निदान होते, डॉक्टर केमोथेरपी सांगतात आणि घरातली बाई हळूच विचारते, ‘माझे केस जाणार का?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. केसांच्या धास्तीने पहिला डोस पुढे ढकलणाऱ्या भगिनी आपल्या वस्त्यांमध्येही आहेत. कर्करोगात उपचाराला झालेला उशीर महागात पडतो. म्हणून या वेळी आपण विगची माहिती घेऊ.

विग म्हटला की आपण केसांची लांबी आणि रंग पाहतो, केस खरे की कृत्रिम ते विचारतो. पण दिवसभर डोक्याला लागून राहते ती आतली टोपी. केस ज्या जाळीवर, फितींवर बसवलेले असतात तिलाच आपण इथे टोपी म्हणू. ती टोचली किंवा सैल झाली, तर हजारो रुपयांचा विगही चार दिवसांत कपाटात जातो.

केस का जातात?

केमोथेरपीची औषधे भराभर वाढणाऱ्या पेशींवर मारा करतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात आणि केसांच्या मुळांशी असलेल्या पेशीही तशाच असतात. डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल या औषधांनी बहुधा केस जातात. काही औषधांनी ते नुसते विरळ होतात, तर काहींनी जातही नाहीत. आपल्या औषधाचे काय, हे डॉक्टरांना आधीच विचारावे.

केस साधारण पहिल्या डोसानंतर २ ते ३ आठवड्यांत गळू लागतात. उपचार संपल्यावर १ ते ३ महिन्यांत बहुतेकांचे केस पुन्हा उगवू लागतात. म्हणजे विगची गरज बहुधा काही महिन्यांची, फार तर वर्षभराची असते. तो घ्यायचाच असेल तर केस जाण्यापूर्वी दुकानात जावे. केसांचा रंग आणि ठेवण जुळवणे तेव्हा सोपे जाते.

टोपीचे प्रकार

पट्ट्यांची टोपी : मशीनवर केसांच्या लांब पट्ट्या शिवतात आणि त्या इलॅस्टिकच्या फितींवर ओळीने बसवतात. फितींमध्ये फटी असल्याने हवा खेळते. ही टोपी हलकी असते आणि सर्वांत स्वस्त मिळते. मात्र आतल्या शिवणी खरखरीत असतात. डोक्यावर केस असताना त्या जाणवत नाहीत, पण केस गेलेल्या नाजूक त्वचेला टोचतात. शिवणी दिसू नयेत म्हणून टाळूवरचे केस फुगवलेले असतात. त्यामुळे हवा तिथे भांग पाडता येत नाही.

मोनोफिलामेंट : यात टाळूच्या भागाला बारीक, पारदर्शक जाळी असते आणि तिच्यात एकेक केस हाताने गाठ मारून बसवतात. जाळीतून आपली त्वचा दिसते, म्हणून भांग खरा वाटतो. काही विगमध्ये ही जाळी फक्त भांगापुरती असते, काहींत पूर्ण टाळूवर. एकेरी जाळीही टोचू शकते. पूर्ण केस जाणार असतील तर खाली मऊ अस्तर असलेली दुहेरी जाळी मागावी. मागची आणि कानांजवळची बाजू पुष्कळदा पट्ट्यांचीच असते, तीही तपासावी.

लेस फ्रंट : कपाळाच्या कडेला पातळ लेस असते. त्यामुळे केस मागे वळवले तरी विग ओळखू येत नाही. ही लेस नाजूक असते आणि लवकर फाटते. काही विगना गोंद किंवा चिकटपट्टी लागते. केमोथेरपी चालू असताना त्वचा हळवी झालेली असते आणि जंतुसंसर्गाची भीती असते, तेव्हा गोंद टाळावा. गोंदाशिवाय बसणारे लेस फ्रंटही मिळतात. कपाळावर बटा ठेवणाऱ्या बाईला लेससाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही, कारण ती कडा बटांखाली झाकलीच जाते.

पूर्ण हाताने विणलेली टोपी : सगळी टोपी मऊ, ताणली जाणारी जाळी असते आणि प्रत्येक केस हाताने बसवलेला असतो. आत पट्ट्यांच्या शिवणी नसल्याने केस नसलेल्या डोक्याला ही सर्वांत सुखाची. पण ती महाग असते आणि धुताना जपावी लागते.

सिलिकॉनची टोपी : ही डोक्याच्या मापाने बनवतात आणि ती घसरत नाही. चाईसारख्या आजारात डोक्यावरचे सगळे केस कायमचे गेले असतील तर उपयोगी पडते. मात्र तिच्यातून हवा जात नाही, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात घाम साचतो.

केस फक्त टाळूवर विरळ झाले असतील तर क्लिपांनी बसणारा अर्धा विगही मिळतो. पण केस गळणे चालू असताना क्लिपा लावू नयेत. त्या उरलेली मुळे ओढतात.

कोणी काय घ्यावे?

पैसे कमी असतील तर पट्ट्यांची टोपी घ्यावी आणि आत मऊ सुती टोपी घालावी. टोचणे बरेच कमी होते. थोडी ऐपत असेल तर मध्यम मार्ग चांगला : टाळूवर दुहेरी मोनोफिलामेंट, मागे पट्ट्या. रोज आठ-दहा तास बाहेर काम असेल आणि त्वचा फार हळवी असेल, तरच हाताने विणलेल्या टोपीचा खर्च करावा. नागपूर-चंद्रपूरचा उन्हाळा असो की मुंबईचा दमटपणा, आखूड आणि कमी दाट केसांचा विग सुसह्य होतो.

माप आणि पारख

शिंप्याची टेप कपाळावरच्या केसरेषेपासून कानामागून मानेवरच्या केसरेषेपर्यंत आणि दुसऱ्या बाजूने परत कपाळापर्यंत फिरवावी. बहुतेक स्त्रियांचे माप ५४ ते ५७ सेंटिमीटर भरते. केस गेल्यावर ते थोडे कमी होते, म्हणून मागे घट्ट-सैल करायचे पट्टे असलेला विग घ्यावा.

दुकानात आधी विग उलटा करून पाहावा. आतली बाजू मनगटाच्या आतल्या कातडीवर फिरवावी. तिथे टोचले तर डोक्यालाही टोचणार. मग तो घालून पंधरा मिनिटे बसावे, खाली वाकावे, मान दोन्हीकडे वळवावी. विग सरकला तर सैल आहे, कपाळावर वळ उठला तर घट्ट आहे.

घरी घ्यायची काळजी

कृत्रिम केस उष्णतेने आक्रसतात. चूल, गॅस, कुकरची वाफ यांजवळ तो विग घालू नये. स्वयंपाक करताना रुमाल बांधावा. विग सौम्य शाम्पू आणि थंड पाण्याने, न चोळता धुवावा. टॉवेलने टिपून सावलीत वाळवावा. रात्री काढून ठेवावा. दुसऱ्याचा विग धुतल्याशिवाय वापरू नये. डोक्यावर पुरळ किंवा फोड आले तर विग बंद करून डॉक्टरांना दाखवावे. डोक्याला रेडिएशन दिले असेल तर त्यांना विचारूनच विग घालावा.

विगसाठी कर्ज मात्र काढू नये. औषध, तपासण्या आणि सकस आहार यांचा पैसा आधी बाजूला ठेवावा. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो, तिथे चौकशी करावी. काही ठिकाणी दान आलेले विग गरजू रुग्णांना मिळतात.

विग न घालणे हाही एक पर्याय आहे. सुती रुमाल बांधून किंवा उघड्या डोक्याने वावरण्यात कमीपणा नाही. बाईच्या केस नसलेल्या डोक्याला अशुभ मानण्याची खोड आपल्या समाजाला केशवपनाच्या रूढीने लावली. त्या रूढीविरुद्ध १८९० मध्ये सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिक बांधवांनी विधवांचे केस कापणार नाही असा निर्धार केला होता. आज उपचाराने केस गेलेल्या बाईकडे रोखून पाहणाऱ्यांनी हे आठवावे.

घरच्यांनाही आम्ही सांगू इच्छितो : विग घ्यायला पती, मुलगा, बहीण, कोणीतरी सोबत जावे. पण कोणता घ्यायचा, घ्यायचा की नाही, हे तिला ठरवू द्यावे. विग मिळायला उशीर झाला तरी चालेल, डोसाची तारीख चुकवू नये.